सोनं पाटावरून जातं कुठे? : गारेच्या छोट्या खाणींबद्दल

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

एक टन दगडात दहा ग्रॅम सोनं असेल तर छोट्या खाणवाल्याच्या दृष्टीनं ती चांगली शीर, म्हणजे खडकातला सोनं असलेला पट्टा. दहा ग्रॅम म्हणजे आकारमानानं अर्धा घन सेंटिमीटर, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. हा दाणा पांढऱ्या गारेत (क्वार्ट्झमध्ये) डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या रूपानं विखुरलेला असतो. तो पुन्हा एका जागी गोळा करणं, एवढंच या धंद्याचं काम. पण पारा वापरून सगळा दगड दळणाऱ्या बहुतेक ठिकाणी अर्ध्याहून जास्त सोनं गाळात, म्हणजे धुऊन उरलेल्या दगडाच्या चुऱ्यात, वाहून जातं. ते का जातं आणि कसं थांबवायचं, यावर आज बोलायचं आहे.

नुकसानीला सुरुवात खाणीतच होते. शीर तीस सेंटिमीटर रुंद आणि तिच्यात टनाला वीस ग्रॅम सोनं आहे, असं धरा. माणसाला आत उभं राहून काम करायला नव्वद सेंटिमीटरची जागा लागते. सुरुंग लावून सगळं एकत्र पाडलं की बाजूचा फुकट दगडही मालात येतो आणि वीसचे पावणेसात ग्रॅम होतात. वाहतूक, दळण, पाणी, सगळा खर्च तिप्पट मालावर होतो. म्हणून आधी बाजूचा दगड पाडून तो बाहेर टाकावा आणि मग शीर स्वतंत्र उतरवावी. वेळ लागतो, पण तो वसूल होतो. वर आलेला माल धुऊन हातानं निवडला तर आणखी फायदा होतो.

आता दळण. माझ्या मते सगळं इथेच ठरतं. सोन्याची घनता १९.३ आणि गारेची २.६५. पाण्यात दोन्हींच्या जडपणातला फरक सुमारे अकरा पट होतो, त्यामुळे त्यांना वेगळं करणं सोपं असायला हवं. पण गारेच्या पोटात अडकलेला सोन्याचा कण गारेसारखाच वागतो आणि पाटावरून, म्हणजे जड सोनं अडवणाऱ्या उतरत्या पन्हळीवरून, तिच्याबरोबर वाहून जातो. तो मोकळा व्हायचा तर दळण पुरेसं बारीक हवं. उलट बाजूनं, सोनं ठिसूळ नाही. एकदा मोकळा झालेला कण गिरणीत राहिला तर दळणाऱ्या लोखंडी गोळ्यांखाली चेपून पापुद्रा होतो, आणि असा पापुद्रा पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगत निघून जातो. म्हणून एकदम बारीक दळू नये. आधी एक मिलिमीटरखाली दळून माल पाटावरून सोडावा आणि जाडं सोनं काढून घ्यावं. उरलेला माल पुन्हा ०.२ मिलिमीटरपर्यंत दळून दुसऱ्यांदा पाटावर घ्यावा. मध्ये चाळणी हवीच. चाळणीवर राहिलेला माल परत गिरणीत जातो.

गिरणीचा वेगही बहुतेक जण अंदाजानं ठेवतात. ४२.३ ला गिरणीच्या फिरत्या पिंपाच्या मीटरमधल्या व्यासाच्या वर्गमुळानं भागलं की ज्या फेऱ्यांना गोळ्या भिंतीला चिकटून फिरतात तो आकडा मिळतो. त्याच्या सत्तर टक्के वेग ठेवावा. ०.९ मीटर व्यासाला हिशेब मिनिटाला एकतीस फेऱ्यांचा येतो. वेग वाढवला तर माल जास्त निघत नाही, गोळ्या दळायचं सोडून फिरत बसतात. पिंपाचा साधारण तिसरा भाग गोळ्यांनी भरलेला असावा. झिजलेल्या गोळ्यांच्या जागी नवीन टाकल्या नाहीत तर दळण हळूहळू जाड होत जातं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

पाटाला मीटरमागे बारा ते अठरा सेंटिमीटर उतार द्यावा, वर लोकरीसारख्या केसाचा गालिचा अंथरावा आणि माल पातळ सोडावा: एका भागाला पाचेक भाग पाणी. सगळ्यात मोठी चूक गालिचा दिवसातून एकदाच धुण्याची. जड काळी रेती केसांत भरली की नवं सोनं बसायला जागाच उरत नाही, ते वरून घसरतं. एक-दोन तासांनी गालिचा काढून बादलीत धुतलाच पाहिजे.

चूक दळणात आहे की पाटावर, हे तपासायला महागडी प्रयोगशाळा लागत नाही. दर अर्ध्या तासानं पाटाच्या शेवटाला, धारेच्या पूर्ण रुंदीतून एक पेला गाळ घ्यावा. पाळी संपल्यावर तो एकत्र करून वाळवावा, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवावेत, आणि किलोभर उरेपर्यंत हेच करावं. त्यातला अर्धा तसाच ताटलीत धुवावा. सोनं दिसलं तर दोष पाटाचा. दुसरा अर्धा खलात मैद्यासारखा कुटून धुवावा. आता सोनं दिसलं आणि आधी दिसलं नव्हतं, तर दोष दळणाचा. दोन्हींत काहीच नाही, तरी हिशेबानं सोनं कमी येतंय, तर ते सोनामाखीसारख्या गंधकी खनिजात कोंडलेलं असण्याची शक्यता धरावी. तिथे पाणीही उपयोगाचं नाही आणि पाराही नाही.

मग पारा लोक का वापरतात? तो सोन्याला धरून त्याचा गोळा करतो आणि लगेच सोनं हातात देतो म्हणून. पण गारेत बंद असलेल्या कणाला पारा शिवतही नाही. गिरणीतच पारा ओतला तर त्याचे बारीक थेंब होतात, एकमेकांना जुळत नाहीत, आणि चिकटलेलं सोनं घेऊन गाळात जातात. २०१७ मध्ये लागू झालेल्या, पाऱ्याच्या वापराबद्दलच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात सगळ्या दगडावर पारा वापरणं, पारा आणि सोन्याचा गोळा उघड्यावर किंवा वस्तीत जाळणं, आणि पारायुक्त गाळ आधी पारा न काढता सायनाइडमध्ये (सोनं विरघळवणाऱ्या विषारी रसायनात) घालणं, या गोष्टी संपवायच्या म्हणून नोंदल्या आहेत. शेवटची गोष्ट फार घातक आहे. सायनाइड पारा विरघळवतं आणि तो पाण्याबरोबर दूर जातो. आजही पारा वापरणाऱ्यानं निदान बंद रिटॉर्टमध्येच, म्हणजे वाफ नळीतून बाहेर नेणाऱ्या झाकणबंद भांड्यात, गोळा तापवावा. पारा ३५७ अंशांना उकळतो. वाफ थंड नळीतून पाण्यात उतरवली की बहुतेक पारा परत मिळतो. नळीचं तोंड पाण्यात खोल बुडवू नये, भांडं थंड होताना पाणी आत ओढलं जातं.

पाऱ्याशिवाय काम होतं, हे फिलिपिन्सच्या बेंगेट भागातल्या खाणकामगारांनी दाखवलं आहे. गालिच्यावरचा माल ताटलीत इतका धुवायचा की उरलेल्यात सोनंच प्रामुख्यानं असेल. लोहचुंबकानं काळी रेती काढायची, टाकणखार (बोरॅक्स) मिसळून मुशीत वितळवायचं. टाकणखार सोन्याचा वितळबिंदू उतरवतो असं सांगतात, ते बरोबर नाही. सोनं १०६४ अंशांनाच वितळतं. टाकणखार उरलेल्या गारेला आणि लोहाच्या गंजाला पातळ करून बाजूला घेतो, त्यामुळे सोन्याचे थेंब खाली जुळतात. मूस थंड झाली की टाकणखाराची झालेली काच फोडावी, पण ती फेकू नये. कुटून पुन्हा धुतली की तिच्यात अडकलेले मणी मिळतात.

धुळीबद्दल थोडं, पण गांभीर्यानं. गारेची कोरडी धूळ फुफ्फुसात बसते, सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. दळण पाण्यातच करावं, दगड फोडण्याच्या ठिकाणीही पाण्याचा फवारा हवा. शिरेत शिसं असेल तर धोका आणखी मोठा. २०१० मध्ये नायजेरियातल्या झामफारा भागात शिसं असलेला असा दगड पिठाच्या गिरण्यांत आणि घराच्या अंगणात दळला गेला, आणि ४०० हून अधिक मुलं शिशाच्या विषबाधेनं मरण पावली. दगडात राखाडी, जड, चौकोनी तुटणारं चकचकीत खनिज दिसलं तर ते शिशाचं असण्याची शक्यता असते. तो माल घराजवळ आणूच नये.

शेवटी पैशाचा भाग. परवाना नसलेल्या खाणवाल्याला कर्ज मिळत नाही, म्हणून त्याची स्वतःची गिरणी नसते. गिरणीवाला अनेक ठिकाणी कमी भाडं घेतो आणि गाळ ठेवून घेतो. त्या गाळातलं सोनं तो पुढे सायनाइडनं काढतो. म्हणजे दळण जितकं वाईट, तितकी त्याची कमाई जास्त. म्हणून भाडं ठरवण्याआधी गाळ कोणाचा हे ठरवून घ्या, आपल्या गाळाचं वजन करा, वर सांगितलेला किलोभर नमुना प्रत्येक पाळीला काढून त्यावर तारीख लिहून ठेवा.