नवस नाही हो, वर्गणी

नमस्कार मंडळी. चहा झाला नसेल तर गॅसवर ठेवा आणि ऐका. मी साताऱ्यात मेडिकलचं दुकान चालवते, वय पंचेचाळीस पार, डावा गुडघा अधूनमधून कुरकुरतो, आणि गेल्या जानेवारीत आम्ही सहा जण सातारा ते बार्शी सायकलनं गेलो, दोन दिवसांत, सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे गोळा करायला. मला म्हणाले प्रवासाचा अनुभव सांगा. सांगते की, पण खरं सांगू का, सायकल चालवणं हा त्यातला सोपा भाग होता. माझी खरी दमछाक झाली ती त्याआधीचे तीन महिने लोकांकडं पैसे मागताना.

आता बघा, आपल्याकडं कुणाच्या घरात कॅन्सर निघाला की लोक मागं सरत नाहीत. मंडळाची पोरं डबा घेऊन फिरतात, सोनं गहाण पडतं, पाहुणे न मागता पाकीट देऊन जातात, हे मी काउंटरच्या पलीकडून रोज बघते. पण संशोधनासाठी द्या म्हणलं की समोरचा चष्मा वर करतो. पेठेतले एक व्यापारी आहेत, आमचं जुनं गिऱ्हाईक, माणूस देणारा आहे, ते म्हणाले, "ताई, पेशंट कोण आहे ते सांगा, आत्ता पाच हजार काढतो. संशोधनाला म्हणजे नक्की कुणाला?" मी दोन मिनिटं नुसती उभी. राग यावा असं काही नव्हतंच त्यात, प्रश्न बरोबर होता आणि मलाच उत्तर येत नव्हतं.

ही कल्पना मुळात माझ्या भाचीची. ती बोस्टनला असते, तिकडं ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी पॅन-मास चॅलेंज म्हणून सायकलींचा मोठा कार्यक्रम होतो, तिथं ती पाणी वाटायला जाते. बिली स्टार नावाच्या माणसानं १९८० मध्ये ते सुरू केलं, त्याची आई कातडीच्या कॅन्सरनं, मेलानोमानं गेली होती. पहिल्या वर्षी ३६ जण, स्प्रिंगफिल्ड ते प्रॉव्हिन्सटाउन २२० मैल म्हणजे साडेतीनशे किलोमीटर, आणि जमले १०,२०० डॉलर. आज सहा हजारांवर लोक निघतात, आणि आजवरची सगळी रक्कम एक अब्ज डॉलरच्या पुढं गेलीय, सगळी तिथल्या डाना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटला. मला त्यातला नियम आवडला. नाव देतानाच लिहून द्यायचं की मी इतके पैसे आणणार, आणि नाही जमले तर उरलेले तुमच्याच कार्डावरून कापून घेतात. आपल्याकडं वर्गणीचा आकडा बोलणारे पुष्कळ असतात, त्यांना हा नियम लावायला पाहिजे असं माझं मत आहे, असो.

तर आम्ही पण तसंच ठरवलं. प्रत्येकी पंचवीस हजार, कमी पडले तर खिशातले. जेवण, मुक्काम, मागं येणाऱ्या टेम्पोचं डिझेल हे सगळं ज्याचं त्यानं, वर्गणीतला रुपयाही त्याला लागणार नाही. पैसे मुंबईच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर हॉस्पिटलला द्यायचे. शेवटी १ लाख ८४ हजार ६५० झाले. दोघांना खिशात हात घालावा लागला, त्यातली एक मी.

सगळे विचारायचे, बार्शीच का? महाबळेश्वरला जा, कासला जा, फोटो तरी चांगले येतील. त्या व्यापाऱ्यांना जे उत्तर मला देता आलं नव्हतं, ते शोधताना मला बार्शी सापडली.

माझी आत्या कोरेगाव तालुक्यातली. अंगावरून जातंय हे तिनं दीड वर्ष कुणाला सांगितलं नाही, पाळी जाताना होतंच असं म्हणत राहिली, आणि मुंबईला, परळला नेली तेव्हा गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर पार पुढं गेलेला. आठ महिन्यांत गेली. मी तेव्हा नुकतीच डी. फार्मसी झालेले, घरात औषधांतलं कळणारी मी एकटी, आणि मलाच कळलं नाही.

आणि मग वाचताना समजलं की जवळपास त्याच वर्षांत, १९९९ पासून, धाराशिव जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या उस्मानाबादच्या खेड्यांत याच कॅन्सरवर जगातला एक फार मोठा अभ्यास चालू होता. टाटा मेमोरियलचे लोक, बार्शीचं नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून केलेला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे ५२ गट पाडले आणि चार भाग केले. एका भागात एचपीव्ही, म्हणजे ज्याच्यामुळं हा कॅन्सर होतो त्या विषाणूची टेस्ट, एकात पॅप स्मिअर म्हणजे पेशी काढून काचेवर बघायच्या, एकात व्हिनेगरसारखं पातळ ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्या भागात नुसती माहिती आणि नेहमीचे उपचार. आठ वर्षं मागोवा घेतला. २००९ मध्ये निकाल आला. आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट झालेल्या भागात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या, आणि टेस्ट न झालेल्या भागात ६४. दोन्हीकडं बायका एकतीस ते चौतीस हजार. बाकीच्या दोन पद्धतींनी मृत्यूंत तसा ठळक फरक पडला नाही. त्या चौथ्या भागावरून पुढं वादही झाला, की तपासणीशिवाय बायका ठेवल्याच कशा, आणि तो वाद व्हायलाच पाहिजे होता असं मला वाटतं. पण आज जागतिक आरोग्य संघटना तिशीनंतर दर पाच ते दहा वर्षांनी एचपीव्हीची टेस्ट करा म्हणून सगळ्या जगाला सांगते, त्यामागं जे पुरावे आहेत त्यात या बायका आहेत. आणि साधा डांबरी रस्ता आहे हो तिकडं जायला, इथून दोन दिवस सायकलनं.

हे सगळं मी त्या व्यापाऱ्यांना जाऊन सांगितलं. वर हेही सांगितलं, की मुंबईत आयआयटी आणि टाटानं मिळून रक्ताच्या काही कॅन्सरवर कार-टी उपचार तयार केले, पेशंटच्याच पांढऱ्या पेशी काढून, लॅबमध्ये बदलून परत सोडायच्या, नेक्सकार-१९ नाव, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, अमेरिकेत ज्याला कोटींत मोजायला लागतात ते इथं लाखांत आलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. पाच हजार नाही दिले. अकराशे दिले, आणि पावती मागितली.

हां, सायकल राहिलीच. पहाटे पाचला पोवई नाक्यावरून निघालो, माहुलीच्या पुलावर कृष्णेचं धुकं असं की पुढच्याचा लाल दिवा तेवढा दिसत होता, बोटं ब्रेकवर आखडलेली. त्रिपुटीची खिंड गप्पांत गेली. वर्धनगडच्या घाटात गप्पा बंद, सगळ्यात हलका गिअर टाकून पण अर्ध्यात उतरले आणि सायकल हातात धरून चालले, लाज कसली त्यात. पुसेगावात चहा आणि शेंगदाण्याचे लाडू. पुढं माणच्या माळावर रस्ता सपाट म्हणून खूश झालो तर समोरून वारं, पॅडल मारतोय आणि शाळू जागचा हलत नाही असं वाटायला लागलं, वर बाभळीचे काटे, दहिवडीपर्यंत चार पंक्चर. गोंदवल्याला पोटभर प्रसाद घेतला आणि तिथंच चूक झाली, नंतर तासभर कुणाच्यात जीव नव्हता.

म्हसवडच्या अलीकडं पाण्याला थांबलो तर एक आजी जवळ आल्या, हेल्मेट, चड्ड्या, सगळं वरखाली न्याहाळलं आणि म्हणाल्या, "कशाचा नवस गं?" म्हणलं नवस नाही आजी, वर्गणी. पंढरपूरला मुक्काम, मग बार्शी. त्या म्हणाल्या, "पंढरीला सायकलवर? मग पुण्य निम्मंच मिळायचं." आमच्यातला एकजण अजून हेच वाक्य व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावतो. मी त्यांना एचपीव्हीच्या टेस्टचं सांगायचा प्रयत्न केला. आजींनी ऐकलं, मग घरातनं सुनेला हाक मारली, "ही बाई काय सांगतीय ते तू ऐक, मला समजंना." ती सून दारातच उभी राहिली, पदर तोंडाला, पण गेली नाही आत. दहा मिनिटं आम्ही दोघी बोललो आणि बाकीचे पाच जण लांब जाऊन उगाच चेनला तेल देत बसले. सगळ्या प्रवासात त्यांनी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम.

पंढरपूरला पोचायला रात्रीचे साडेआठ. दुसऱ्या दिवशी सीटवर बसवेना, खरं सांगते, कुर्डूवाडीपर्यंत निम्मा वेळ उभ्यानंच चालवली. बार्शीत शिरलो तेव्हा हारबीर काही नव्हते, आम्हीच कुणाला सांगितलं नव्हतं. स्टँडसमोर टेम्पोत सायकली चढवत होतो तेवढ्यात धाराशिवकडची एक एसटी रिकामी झाली, बाजाराला आलेल्या बायका, पिशव्या, नातवंडं. मी हिशोब केला, तेव्हा तिशीच्या असलेल्या आता पंचावन्नच्या पुढं असणार आणि साठीच्या जवळ असलेल्या कधीच्या ऐंशी पार. म्हणजे यातली कुणीही असेल. पंचवीस वर्षांपूर्वी शाळेच्या नाहीतर दवाखान्याच्या खोलीत लाजत, घाबरत तपासून घेतलेली, नाहीतर चौथ्या भागात राहिलेली. विचारावं असं फार वाटलं, पण रस्त्यात गाठून असं काय विचारणार?

मी तशीच बघत उभी, सायकल आडवी, तर एक बाई डोक्यावरची पाटी सावरत म्हणाल्या, "अगं ए, घे की ती बाजूला, वाट अडवून हुबी राहिलीय."

घेतली बाजूला.