हळदीच्या पाकिटावरची खूण

[दृश्य: शिजवलेली हळद पसरलेलं खळं, फिरता पॉलिश ड्रम]
शिजवून, उन्हात खडखडीत वाळवून, ड्रममध्ये घासून हळकुंड पिवळंधमक होतं, आणि मग येतं सांगलीच्या मार्केट यार्डात.

[दृश्य: सौदा, हळकुंड मोडणारे हात]
सौद्याआधी व्यापारी हळकुंड मोडतो. आतला केशरी रंग बघतो, मोडतानाचा आवाज ऐकतो. इथं नावाची गरज पडत नाही.

[दृश्य: गिरणी, किराणा दुकानाची फळी]
पूड झाली की मोडून बघायला काही उरत नाही. पाकीट दुकानात फोडता येत नाही, म्हणून नजर खूण शोधते. आईच्या घरी दिसायचं ते चित्र, ते अक्षरांचं वळण. वाचता न येणारी आजीसुद्धा नेमकं तेच पाकीट मागते. लग्नातली हळद, माहेरची आमटी, सारं त्या खुणेला चिकटलेलं असतं.

[दृश्य: छपाईचे सिलेंडर]
रोटोग्राव्हर छपाईत दर रंगाला वेगळा सिलेंडर. पाच रंग, पाच सिलेंडर. ते कोरल्यावर नाव बदलावं लागलं तर नाव कोरलेले सिलेंडर वाया. म्हणून आधी नाव, मग छपाई.

'सांगली हळद' हेच नाव ट्रेडमार्क म्हणून, म्हणजे कायद्यानं फक्त स्वतःची खूण म्हणून, मागाल तर अडकाल. गावाचं नाव, मालाचं वर्णन, दोन्हींवर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 खाली आक्षेप येतो. आणि तो यायलाच हवा. सांगलीच्या हळदीला 2018 मध्ये मिळालेलं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, इथल्या सगळ्या उत्पादकांचं आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करा आणि ते अभिमानानं छापा. स्वतःचं नाव मात्र वेगळं घ्या, हळदीशी संबंध नसलेलं.

[दृश्य: संगणकावर अर्ज]
नाव आधीच कुणी घेतलंय का, हे ट्रेडमार्कच्या नोंदींत शोधताना स्पेलिंगवर थांबू नका, उच्चारानंही शोधा. नोंदणीत मालाचे वर्ग असतात, मसाल्याला वर्ग 30. अर्जाचा नमुना टीएम-ए. ऑनलाइन शुल्क व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योगाला 4,500 रुपये, इतरांना 9,000. परीक्षण अहवालात आक्षेप असेल तर 30 दिवसांत उत्तर द्या. मग ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्धी, आणि इतरांना विरोधासाठी चार महिने. चिन्ह एकाच रंगात बांधून घेऊ नका. रंगाची मर्यादा नसेल तर संरक्षण सगळ्या रंगांना मिळतं. नोंदणी होईपर्यंत नावापुढे टीएम लिहा. गोलातला आर (®) ही नोंदणी झाल्याची खूण, ती आधीच छापणं गुन्हा आहे. नोंदणी टिकते 10 वर्षं, पुढे नूतनीकरण.

[दृश्य: दोन सारखी पाकिटं]
नक्कल झालीच, तर न्यायालय दोन्ही पाकिटांतले बारीक फरक मोजत बसत नाही. ग्राहकाच्या अंधुक आठवणीत घोटाळा होईल का, एवढं बघतं. जुनी पाकिटं आणि बिलं तारखेसह जपा. खूण कधीपासून वापरात आहे, ते त्यांवरून सिद्ध करता येतं.