सिरॅमिक कॅप आतून फुटते

(दंतवैद्य आणि लॅब तंत्रज्ञांसमोर धुळ्यात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

दाब वरून येतो, पण अख्ख्या सिरॅमिकच्या कॅपला तडा बहुतेक वेळा आतून जातो. सिरॅमिक दाब भरपूर सोसतं, ताण (म्हणजे ओढ) सोसत नाही. खालचं डेंटिन (दाताचा आतला थर) त्याच्यापेक्षा कितीतरी लवचिक, त्यामुळे दाढेच्या माथ्यावर सुपारी आली की कॅप किंचित वाकते आणि आतल्या बाजूला ताण पडतो. तिथला बारीकसा ओरखडा लाळेच्या ओलाव्यात हळूहळू वाढत राहतो. मग एखाद्या दिवशी कॅप साध्या भाकरीवरही फुटते, आणि पेशंट भाकरीला दोष देतो.

आता जाडीचं बघा. तडा जायला लागणारा भार साधारण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दीड मिलिमीटरची कॅप एक मिलिमीटरवालीच्या सव्वादोन पट भार घेते. म्हणजे कटिंगमध्ये (कॅपसाठी दात कोरताना) वाचवलेला अर्धा मिलिमीटर निम्म्याहून जास्त ताकद खातो! खालच्या दुसऱ्या दाढेला हे हमखास घडतं; त्यात गुटख्याने तोंड आखडलेलं असेल तर विचारूच नका. डोळ्यांवर विसंबू नका. बाईटचं (चाव्याचा ठसा घ्यायचं) सिलिकॉन चाववा, बाहेर काढा आणि सगळ्यांत पातळ जागी गेजने (जाडी मोजायच्या साधनाने) मोजा. जबडा बाजूला सरकवूनही जागा तपासा. लिथियम डायसिलिकेटला (काचेच्या जातीच्या सिरॅमिकला) दाढेवर दीड मिलिमीटर हवा. तेवढी जागा निघत नसेल, किंवा पेशंट अडकित्त्याचं काम दाढेकडून करून घेणारा असेल, तर वर पोर्सिलेनचा थर नसलेला अखंड झिर्कोनिया (जास्त कणखर सिरॅमिक) घ्या. थर दिलेल्या झिर्कोनियात बहुधा तो थरच टवका होऊन निघतो. लॅबवाल्यांनी भट्टीतून घाईने थंड केलं तर लवकरच.

कटिंगचे कोपरे गोल करा. मिलिंगचा (मशीनने कॅप कोरायचा) बर एक मिलिमीटरच्या आसपास जाड असतो. तुमची धार त्याहून टोकदार असेल तर मशीन तिथे आतून जादा कोरतं, आणि नेमकी ताणाच्या जागी कॅप पातळ होते.

चिकटवताना लिथियम डायसिलिकेटला आतून पाच टक्के हायड्रोफ्लोरिक ॲसिड वीस सेकंद, मग धुऊन-वाळवून सायलेन (सिरॅमिक आणि सिमेंट जोडणारं रसायन) एक मिनिट. त्यावर सँडब्लास्ट मारू नका, ओरखडे पडतात. झिर्कोनियावर हे ॲसिड चालत नाही; तिथे ५० मायक्रॉनची ॲल्युमिना कमी दाबाने मारा आणि एमडीपी (झिर्कोनियाला धरून ठेवणारं रसायन) असलेला प्रायमर लावा.

शेवटी बाईट, म्हणजे चावा जुळवणं. लिथियम डायसिलिकेटची कॅप चिकटवण्याआधी पेशंटला जोरात चावायला सांगू नका. खाली सिमेंटचा आधार नसतो, खुर्चीवरच फुटेल. हाय पॉइंट (चावताना आधी लागणारी उंच जागा) चिकटवल्यानंतर काढा: बारीक डायमंड, भरपूर पाणी, हलका हात. नंतर रबराने चकचकीत पॉलिश केल्याशिवाय पेशंटला उठवू नका.