कोठडीचा पहिला दिवस कोणता?

पुढच्या बाकांवर बरेच ज्युनिअर वकील दिसतायत, म्हणून तेवढ्या दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर आरोपीला जामीन, हा साठ-नव्वद दिवसांचा नियम पुन्हा सांगत नाही. फक्त मोबाइलमधलं कॅलेंडर उघडा आणि १४ मे २०२० पासून साठ दिवस मोजा. कोण म्हणालं १३ जुलै? आणि तुम्ही १२? वाद नेमका हाच होता. डीएचएफएल या गृहकर्ज कंपनीचे कपिल वाधवान यांचा पहिला रिमांड, म्हणजे कोठडीत पाठवायचा न्यायालयाचा आदेश, १४ मेचा. तो दिवस धरला तर साठावा दिवस १२ जुलै, रविवार. ईडीचे आरोपपत्राचे कागद न्यायालयात प्रत्यक्ष आले सोमवारी. मुंबई उच्च न्यायालयाने जामीन दिला आणि २७ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, रिमांडचा दिवस मोजायचाच. एका रविवारने केवढा फरक पडला बघा!

आता परदेशातून आणलेला आरोपी घ्या. माझ्या एका अशिलाने प्रत्यार्पणाची वाट बघत आखातातल्या तुरुंगात चार महिने काढले होते. इथे शिक्षा लागली तेव्हा ते वजा करा म्हणून अर्ज दिला. कार्यालयातून विचारलं, "तिकडचा दाखला?" दाखला नव्हताच. त्याच्या बायकोकडे होती शाळेची चौकटीची वही. नवऱ्याचा फोन यायचा त्या दिवसाच्या चौकटीत फुली. फोन आला नाही तर चौकट रिकामी. ती वही मी न्यायाधीशांपुढे ठेवू शकलो नाही, पुरावा कसला म्हणणार? मला अजून ती वही आठवते. माणूस तर कोंडलेलाच होता ना?

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. मुद्दा असा की घड्याळं दोन आहेत. आरोपपत्राचं घड्याळ इथल्या दंडाधिकाऱ्याच्या पहिल्या रिमांडपासून चालतं. परदेशातली कोठडी त्यात येत नाही आणि ते मला पटतं, कारण आपल्या पोलिसांच्या ताब्यात आरोपी तेव्हा नसतो. शिक्षेतून वजावटीचं घड्याळ मात्र वेगळं. अबू सालेम लिस्बनमध्ये सप्टेंबर २००२ मध्ये पकडला गेला, भारतात आला ११ नोव्हेंबर २००५ ला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये त्याच्या कैदेची पंचवीस वर्षं १२ ऑक्टोबर २००५ पासून धरली. त्याआधी तो पोर्तुगालमधल्या गुन्ह्याची शिक्षा भोगत होता, म्हणून ते दिवस गेले. पण नंतरचा महिनाभर, पोर्तुगालमधलाच, मोजला गेला. माझ्या मते हेच तत्त्व आहे आणि ते सगळ्यांना लागू हवं.

इंग्लंडमध्ये कायद्यानुसार प्रत्यार्पणाची वाट बघत काढलेले दिवस न्यायालयाने नमूद करायचे असतात. आपल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत वजावटीचं कलम ४६८ आहे, त्यात तपास, चौकशी, खटला यांच्या काळातली कोठडी आहे. परदेशातल्या कोठडीचा शब्दही नाही. तो घालायला हवा. तोवर, ज्युनिअर मंडळी, तिकडच्या तुरुंगाच्या दाखल्यासाठी अर्ज पहिल्या रिमांडच्याच दिवशी द्या आणि न्यायालयाच्या रोजनाम्यात त्याची नोंद झाली का ते स्वतः बघून या.