अनशापोटी म्हणजे नेमकं केव्हा?

‘गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर?’ हा प्रश्न पेशंट बहुधा निघता निघता विचारतात आणि उत्तरही तसंच उभ्याउभ्या मिळतं. अँटिबायोटिकच्या बाबतीत मी या प्रश्नाला मात्रेइतकंच मोल देतो.

गोळी गिळली म्हणजे औषध अंगात गेलं, असं होत नाही. ती विरघळते आणि औषध रक्तात शिरतं ते मुख्यतः लहान आतड्यातून. तिथे पोचेपर्यंत पोटात जे काही असेल, त्याची संगत त्याला भोवते.

टेट्रासायक्लिनचंच घ्या. दुधातलं कॅल्शियम त्याला इतकं घट्ट धरतं, की ती जोडी आतड्याच्या भिंतीतून पलीकडे जाऊ शकत नाही. पेलाभर दुधाबरोबर गोळी घेतली, तर निम्मं किंवा त्याहून जास्त औषध वाया जाऊ शकतं. लोहाच्या गोळ्याही हेच करतात. सिप्रोफ्लॉक्सासिनचीही तीच गत. इथे मला एका गोष्टीची फार काळजी वाटते. गोळीनं जळजळ झाली, की माणूस लगेच ॲसिडिटीचं पातळ औषध घेतो. त्यात बहुधा मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम असतं. पोटाला आराम पडतो, पण अँटिबायोटिक रक्तात पुरेसं पोचत नाही आणि जंतू तग धरतात. म्हणून सिप्रोफ्लॉक्सासिन अशा औषधाच्या २ तास आधी किंवा ६ तासांनंतर घ्यावं.

अँपिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन या तर सख्ख्या बहिणी. रचनेत फरक एका हायड्रॉक्सिल गटाचा, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या एका जोडीचा. तरी पहिलीचं शोषण अन्नामुळे घटतं. दुसरी कधीही घ्या, फारसा फरक पडत नाही.

मग सगळीच अँटिबायोटिक्स रिकाम्या पोटी घ्यावीत का? मुळीच नाही. सेफुरोक्झिम ॲक्सेटिलच्या गोळीतलं औषध उपाशीपोटी सुमारे ३७ टक्के शोषलं जातं, जेवणानंतर ५२ टक्के. नायट्रोफ्युरँटॉइनही अन्नासोबतच घ्यायचं. जठर सावकाश रिकामं होतं, त्यामुळे त्याला विरघळायला सवड मिळते.

आता शीर्षकातला प्रश्न. ‘अनशापोटी’ म्हटलं की आपल्याला पहाटच आठवते. पण क्लॉक्सासिलिनसारखं औषध दर ६ तासांनी घ्यायचं असतं. दिवसातून ४ वेळा पहाट कुठून आणणार? औषधाच्या भाषेत अनशापोटी म्हणजे खाण्याआधी १ तास किंवा खाल्ल्यानंतर २ तास. दुपारी ४ वाजताही पोट ‘अनशा’ असू शकतं, मधे काही चघळलं नाही तर.

क्षयरोगावरचं रिफाम्पिसिनही असंच रिकाम्या पोटी घ्यायचं. पण काहींना त्यानं इतकं मळमळतं, की ते गोळीच टाळू लागतात. त्यांनी डॉक्टरांना सांगावं आणि हलकं काही खाऊन गोळी घ्यावी. शोषण थोडं घटेल, पण न घेतलेल्या गोळीचं शोषण शून्यच असतं.