साहेबांना आधी सांगा

नमस्कार श्रोतेहो. साहेबांशी जमवून कसं घ्यायचं, असं नव्याने नोकरीला लागलेली मुलं मला विचारतात. माझं एकच सांगणं असतं: वाईट बातमी साहेबांना आपल्या तोंडून कळू दे, आणि आधी कळू दे.

मी फोर्टातल्या एका ऑफिसात अकाउंट्स बघायचे. एकदा एकाच बिलाचे पैसे दोनदा गेले. चार दिवस मी ते दडवलं आणि साहेबांना सीएकडून कळलं. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, हे तुमच्याकडून कळायला हवं होतं." त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुढे एकदा टीडीएस, म्हणजे कुणाला पैसे देताना आपण कापून सरकारकडे भरायचा कर, भरायचा राहिला. सप्टेंबरात कापलेला कर ७ ऑक्टोबरपर्यंत जमा करायचा असतो. मला आठवलं ८ तारखेला सकाळी, चर्चगेट लोकलच्या लेडीज डब्यात, दादर सुटल्यावर. पोटात गोळा आला. उभ्याउभ्याच भाजीच्या यादीच्या मागे हिशेब मांडला. व्याज महिन्याला दीड टक्का, आणि महिना अर्धवट असला तरी अख्खा धरतात. कर कापला सप्टेंबरात, भरणार ऑक्टोबरात, म्हणजे दोन महिन्यांचे मिळून तीन टक्के. ६२,००० वर १,८६० रुपये.

लिफ्टपाशी थांबले. साहेब आले, हातात डबा.

मी म्हटलं, "साहेब, टीडीएस राहिला, चूक माझी. १,८६० व्याज पडेल. वर गेल्यागेल्या चलन भरते."

त्यांनी कागद घेतला, आकडा तपासला, उलटून मेथी-टोमॅटोही वाचलं. "बरोबर आहे. भरून टाका." मग केबिनमध्ये बोलावून स्वतःची डायरी उघडली. "सात तारीख लिहूच नका. पाच लिहा. मीही लिहितो."

म्हणून म्हणते, आधी सांगा. आकड्यासकट सांगा, पुढे काय करणार तेही सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर नको, समोर उभं राहून.

त्यानंतर हेड ऑफिसची माणसं येणार असली की साहेब मला आदल्या दिवशीच सांगायचे. आणि दर महिन्याच्या पाच तारखेला केबिनच्या दारात येऊन नुसता पंजा दाखवायचे. मी भरलेलं चलन वर धरायचे.