डब्याच्या मागची ओळ

(दृश्य: नदीकाठ, सकाळ. बैल धुणारी मुलं.)

श्रावणातली अमावस्या. अमळनेर तालुक्यातल्या या गावात आज औताला सुट्टी. काल खांदेमळणी झाली, हळद-तूप चोळून बैलांचे खांदे मऊ केले. आज पोळा. बैल सकाळपासून पाण्यात आहेत आणि पोरंही.

(दृश्य: ओसरी. शिंगं साळणारे आजोबा, जवळून.)

अंघोळ झाली की शिंगं साळायची. मागच्या पोळ्याचा रंग पापुद्र्यांनी खाली पडतो. मग नवा रंग. शिंगांना हिंगूळ लावायचा, असंच गावात म्हणतात. डबा उघडला की आत ऑइलपेंट असतो. बुडाला लाल, वर पिवळा पट्टा, टोकाला पितळी शेंब्या. डबा धरायला सहा वर्षांचा नातू. पट्टा सुकला का, हे तो बोटानंच बघतो.

"पोऱ्या, हात तोंडमा नको घालू," आजोबा म्हणतात. बोट तोवर तोंडात गेलेलं असतं.

(दृश्य: पिवळ्या रंगाचा डबा, हळूहळू जवळ.)

हा झगझगीत पिवळा, नारिंगी रंग आणायला वर्षानुवर्षं शिशाची संयुगं वापरली गेली. लेड क्रोमेट त्यातलं मुख्य. रंग उन्हापावसात टिकतो, फिका पडत नाही. ऑइलपेंट लवकर सुकावा म्हणूनही शिसं घालत. कारखानदाराला स्वस्त, रंगाऱ्याला सोपं. नुसतं बघून मात्र डब्यात हे विषारी शिसं आहे की नाही, कुणालाच सांगता येत नाही. म्हणून कायदा लागतो.

तो कायदा आपल्याकडे आहे. १९८६च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्र सरकारनं २०१६मध्ये नियम काढले आणि १ नोव्हेंबर २०१७पासून ते लागू झाले. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, म्हणजे सुकलेल्या रंगाच्या दहा लाख भागांत जास्तीत जास्त ९० भाग. आणि तसं डब्यावर छापणं सक्तीचं. आमच्या मते या नियमातलं सगळ्यात मोलाचं हेच आहे, कारण प्रयोगशाळा गावात नाही, डबा मात्र हातात आहे.

(दृश्य: जुन्या वाड्याचा दरवाजा, पॉलिश पेपरनं घासणारा रंगारी. उन्हात उडणारी धूळ.)

हा दरवाजा त्या नियमाच्या कितीतरी आधीचा. थरावर थर चढलेत, हिरवा, निळा, परत हिरवा. कोरडं घासलं की सगळे थर धूळ होऊन उडतात. पाणी मारून घासलं तर धूळ बसते. ओसरीवरच्या पोरांना तेवढा वेळ शेजारी पाठवायला हवं, एवढं आम्ही रंगाऱ्याला बोललो. त्यानं मान हलवली आणि घासत राहिला.

(दृश्य: आठवडी बाजार. मातीचे बैल, प्लास्टिकच्या गाड्या.)

चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. त्या चाचण्यांमध्ये शिसंही तपासतात. हस्तकला विभागाकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना यातून सूट आहे.

शिसं लहान मुलांच्या शरीरात मोठ्यांपेक्षा चार-पाच पट जास्त शोषलं जातं, मेंदूच्या वाढीला मारक ठरतं, आणि त्याची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

(दृश्य: हार्डवेअरचं दुकान.)

दुकानदार भला माणूस. डबा मागितला की समोरची बाजू दाखवतो. आम्ही म्हटलं, भाऊ, मागची दाखवा. पहिल्या डब्यावर शिशाच्या प्रमाणाची ओळ होती, बारीक अक्षरात पण होती. दुसरा त्याहून लहान आणि त्याहून स्वस्त. त्यावर कंपनीचं नाव होतं, बैलाचं चित्र होतं. ओळ नव्हती.

पोळ्याच्या आधी असले किती डबे जातात, विचारलं.

"हाच तर जास्त जातो."

(दृश्य: संध्याकाळ. ओसरी. वाजंत्रीचा आवाज लांबून.)

मिरवणुकीला वेळ आहे. आजोबांनी खोबरेल तेलाचा बोळा केलाय. नातवाचं एकेक बोट धरून ते पुसतायत, नखाखालचं पिवळं काडीनं काढतायत. मग साबण. मग पुरणपोळी, आधी बैलाला, नंतर त्याला.